शॉवर पुन्हा ठिबकतोय? नवा स्पिंडल आणण्याआधी टाकीत डोकावा

शॉवर बंद करून झोपावं, तर रात्री अकराला टप्, टप्. मिस्त्री येतो, कॉकच्या आतला स्पिंडल (पाणी चालू-बंद करणारा फिरता भाग) बदलतो, काही महिने बरे जातात आणि एका रात्री पुन्हा टप्. ज्यांच्याकडे हे पहिल्यांदाच झालंय त्यांनी यातलं अर्धं वाचलं तरी भागेल. तिसऱ्यांदा झालं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे दीड वर्षात चारदा झालं, आणि चौथ्या खेपेला कळलं की दर वेळी आम्ही भलतंच काही दुरुस्त करत होतो.

आधी आमच्या पाण्याबद्दल सांगते. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. म्हणून आमच्याकडे घरोघरी दोन पाणी असतात. शहानूर धरणाचं नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, तेही येईल तेव्हा भरून ठेवायचं. बाकी आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मला लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. माहेर वर्ध्याकडचं, तिथे असं नव्हतं. शॉवर आहे तो बोअरच्या टाकीवर, ५०० लिटरच्या.

२०२२ मध्ये घर बांधलं तेव्हा शॉवरचा हट्ट दिरांचा. ते पुण्याला असतात, वर्षातून दोनदा येतात. सासूबाईंना तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. "बकेट असतानी वरून पानी कायले पाडा लागते?" त्यांचं हे वाक्य शॉवर गळायला लागला की घरात दिवसातून तीनदा ऐकू यायचं.

तर आधी खरंच गळतंय का ते ठरवा. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थेंब पडले तर तो बिघाड नाही. शॉवरच्या ताटात आणि वरच्या दांडीत पाणी साचून राहतं, भोकं बारीक असल्यामुळे ते लगेच सुटत नाही, आत हवा शिरेल तसं टिपूसभर टिपूसभर पडतं. शॉवर जेवढा रुंद तेवढा वेळ जास्त. बंद केल्यावर त्याच्या तोंडावरून तळहात फिरवा किंवा त्याला थोडं तिरपं करा, बरंचसं पाणी एकदम निघून जातं. अर्ध्या तासानंतरही थेंब पडतच असतील, तर पुढे वाचा.

मी मोजलं होतं. मिनिटाला सत्तर थेंब. रात्री दहाला खाली तीन लिटरचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला, सकाळी सहाला काठोकाठ भरलेला. म्हणजे दिवसाला नऊ लिटर, महिन्याला २७०. अर्ध्याहून जास्त टाकी नुसती मोरीत. लाइट असेल तेव्हा मोटर चालवून भरलेलं पाणी ते. आमचे हे म्हणाले, "शेतात ठिबक बसवाले अनुदानाच्या चकरा मारून राह्यलो, अन् घरात फुकट चालू हाय." हसू आलं खरं, पण मोजल्याचा फायदा असा झाला की दुरुस्तीनंतर पुन्हा तोच गंज ठेवून खरंच फरक पडला का ते कळायचं. मिस्त्रीनं "झालं वहिनी" म्हटलं म्हणून झालं, असं मग राहिलं नाही.

पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा, कारण "शॉवर गळतो" या एका शब्दात तीन-चार वेगळी दुखणी असतात. शॉवरच्या तोंडातून थेंब पडत असतील तर शॉवर निर्दोष आहे, बिघाड खालच्या कॉकमध्ये, म्हणजे शॉवर चालू-बंद करायच्या नळात आहे. हे लिहायची वेळ येते कारण आमच्या शेजारी दोनदा नवीन शॉवर आणून बसवला गेला. शॉवर म्हणजे नुसती चाळणी, पाणी अडवायचं काम कॉकचं. खात्री करायची असेल तर गच्चीवर जाऊन टाकीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. थोड्या वेळात ठिबकणं थांबलं, की कॉकमधून पाणी पास होतंय हे नक्की. चावीच्या दांडीपाशी, मुठीच्या मागून ओलं येत असेल तर आतली ओ-रिंग किंवा जुन्या कॉकमधली डोरी गेली. शॉवर चालू असतानाच शॉवरची दांडी भिंतीत शिरते तिथून पाणी ओघळत असेल तर आट्यांवरची टेप. आणि शॉवर बंद असो की चालू, भिंतच ओली राहत असेल, तर ते वेगळंच प्रकरण, त्यावर खाली लिहिलंय.

आता कॉक उघडणं. मला वाटायचं हे आपलं काम नाही. तालुक्याहून मिस्त्री बोलवायचा तर ३०० रुपये त्याचे, वर पेट्रोल, आणि तो "उद्या येतो" म्हणाला की तिसऱ्या दिवशी येतो. चौथ्यांदा गळायला लागलं तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते, हे शेतात, मिस्त्री फोन उचलेना. मग मीच पाना घेतला.

सगळ्यात आधी मोरीच्या जाळीवर एक जाड फडकं अंथरा. मी नाही अंथरलं. मुठीचा स्क्रू निघाला तो सरळ जाळीतून खाली गेला आणि पुढचा तास हेअरपिनला लोहचुंबक बांधून तो शोधण्यात गेला. निघाला नाही, स्क्रू पितळेचा होता, चुंबकाला काय चिकटणार.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, मग शॉवर उघडून लाइनमधलं पाणी जाऊ द्या. मुठीच्या मधोमध एक छोटी टोपी असते, निळी-लाल ठिपक्याची, ती चाकूच्या टोकानं अलगद उचलली की खाली स्क्रू दिसतो. काही कॉकना स्क्रू बाजूनं असतो, त्याला एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली लागते. मूठ ओढून काढायची. आमच्या पाण्यात ती क्षारानं चिकटून बसते. तिच्यावर हातोडी घालू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तिच्याभोवती तासभर गुंडाळून ठेवली की सैल होते. नंतर भिंतीवरची चकती हातानं फिरवून काढा, आत पितळी षटकोनी नट दिसेल, तोच स्पिंडल. स्क्रू पाना लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. इथे झटका देऊ नका. भिंतीतला पाईप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो, पितळी कॉक आतल्या आत फिरला तर मागचा सांधा तुटतो आणि दोनशे रुपयांचं काम टाइल्स फोडण्यावर जातं. दुसऱ्या हातानं कॉकचं अंग पक्कडीनं धरून ठेवता आलं तर धरा.

दुकानात जाताना जुना स्पिंडल हातात घेऊनच जा. अर्धा इंची सगळे सारखे दिसतात, पण वरच्या दात्यांची संख्या वेगळी असते, लांबी वेगळी असते, आणि अर्ध्या फेरीच्या स्पिंडलमध्ये डावा-उजवा असाही प्रकार असतो. आमच्याकडे एकदा उलटा बसला होता. दीड महिना आम्ही शॉवर बंद करायच्या दिशेनं फिरवून चालू करत होतो. पाहुण्यांना सांगावं लागायचं. दुकानदार त्याला स्पिंडल म्हणतो, कुणी कार्ट्रिज म्हणतं. जुना गोल गोल फिरणारा कॉक असेल तर आत रबराचं वायसर असतं, ते पाच-दहा रुपयांत मिळतं.

जुन्या वायसरच्या कॉकबद्दल एकच सांगते. थेंब पडतात म्हणून आवळून आवळून बंद करायची सवय घरोघरी असते. वायसर त्यानं आणखी कापलं जातं, खालच्या पितळी बैठकीचा ठसा त्यावर गोल उमटतो आणि मग कितीही आवळा, गळतंच. अर्ध्या फेरीच्या कॉकमध्ये तर आवळण्याला अर्थच नाही. त्यात रबर दाबून पाणी अडत नाही. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, भोकासमोर चकती आली की बंद. जोर लावला तर मूठ तुटेल, एवढंच.

या चकत्यांमुळेच मला उत्तर सापडलं, म्हणून जरा त्यांच्यापाशी थांबते.

आधीच्या तीन खेपांत निघालेले तीन स्पिंडल मी फेकले नव्हते, खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवले होते. आम्हा बायकांची ही सवय, काही टाकवत नाही. चौथा काढला तेव्हा ते सगळे परातीत घेऊन अंगणात बसले. स्पिंडलच्या बुडाशी रबराची एक रिंग असते, ती नखानं काढली की खालची चकती हातात येते, पांढरी, चिनी मातीच्या कपासारखी. तिच्यावर दुसरी बसते. नवीन स्पिंडलच्या चकत्या पाण्यात बुडवून एकीवर एक ठेवा आणि वरची उचला, खालची तिच्यासोबत उचलली जाते, इतक्या त्या एकमेकींना घट्ट टेकतात. माझ्या जुन्या चकत्या टेकतच नव्हत्या. अंगठा फिरवला तर खरखर. उन्हात तिरपी धरली तर मधल्या भोकाभोवती पांढरा कडक थर, आणि त्या थरात रुतलेले काळसर कण. रबरी रिंगेला एका बाजूला बारीक चीर, ब्लेड लागल्यासारखी.

तीन चकत्या मी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात टाकल्या. आधी साध्या पाण्यात धुतल्या होत्या, कारण नुसतं मीठ असतं तर साध्या पाण्यात विरघळलं असतं. हा थर हलला नव्हता. लिंबूसत्त्वात मात्र बारीक बुडबुडे सुटायला लागले. बुडबुडे आले की समजायचं, हा चुन्याचा क्षार. दोन तासांनी जुन्या ब्रशनं घासल्या, तीनपैकी दोन चकत्या जोडीला पुन्हा चिकटायला लागल्या. तिसरीच्या काठाला टवका गेला होता. म्हणजे ज्यांना "खराब" म्हणून आम्ही प्रत्येकी अडीचशे रुपये मोजून बदललं, त्यातले दोन स्पिंडल नुसते मळलेले होते. रबरी रिंग बदलून त्यातला एक मी परत बसवला. रात्री गंज ठेवला. सकाळी बुडाला चमचाभर पाणी, बाकी कोरडा.

पण मळले कशानं? क्षार समजला, आमच्या पाण्यात तो असणारच. ते काळे कण कुठून आले?

मिस्त्रीला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "मटेरियलच तसं येऊन राह्यलं आता, वहिनी." मलाही ते पटलं होतं. मग एका रविवारी हे शेतातून आले आणि अंगणातल्या नळाखाली ठिबकच्या फिल्टरची जाळी धुवायला बसले. शेततळ्याच्या पाण्यावर आमचं ठिबक चालतं. जाळीतून चिखलाचा लगदा पडत होता. मी म्हटलं, हे न धुतलं तर काय होतं? म्हणाले, "ड्रीपर बंद पडतात न. आठ दिवसाले धुवाच लागते." ठिबकच्या नळ्यांना वर्षातून एकदा ॲसिडही देतात, आतला क्षार सुटावा म्हणून, हेही मला माहीत होतं. म्हणजे शेतातल्या दोन रुपयांच्या ड्रीपरसाठी फिल्टर आहे, क्षाराचा बंदोबस्त आहे, आणि घरातल्या अडीचशेच्या स्पिंडलसाठी काही नाही. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

त्याच संध्याकाळी तपासलं. तुम्हीही करून बघा, पैसा लागत नाही. मोटर सुरू करताना पाईपच्या तोंडाला धोतराचा पांढरा तुकडा बांधा आणि एक बादली पाणी त्यातून जाऊ द्या. आमच्या फडक्यात चिमूटभर राखाडी वाळू आली, दाताखाली धरली तर कचकच. दुसरी तपासणी, मोटर चालू झाल्यावर पहिल्या मिनिटाचं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी थर दिसतो. आणि तिसरी म्हणजे टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारा. आमच्या टाकीच्या तळाशी बोटभर गाळ होता. तीन वर्षांत ती एकदाही धुतली नव्हती. पिण्याची टाकी आम्ही नेमानं धुतो, ही वापराची म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात खाली कातळ लवकर लागत नाही, नदीनं आणून टाकलेली माती आणि बारीक वाळू यांचे थर आहेत. बोअरच्या केसिंगला, म्हणजे आत उतरवलेल्या पाईपाला, पाणी आत यायला चिरा ठेवलेल्या असतात, त्यातून ही वाळूही येते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जास्त येते. आमचे स्पिंडल कधी गेले ते मी कॅलेंडरवर शोधलं (दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी मिस्त्रीचे पैसेही लिहिलेले असतात), चारपैकी दोन वेळा एप्रिल ते जून. टाकीत वरून पाणी पडतं तेव्हा तळाचा गाळ ढवळून निघतो, आणि आमच्या घरी मोटर सुरू व्हायची वेळ आणि आंघोळीची वेळ एकच. लाइट आली की मोटर, मोटर लागली की पोरं आंघोळीला. ढवळलेलं पाणी थेट कॉकमध्ये. वाळूचा कण चकत्यांच्या मध्ये अडकला की त्या टेकत नाहीत, रिंगेत घुसला की रबर कापतं, आणि त्याच्या आधारानं क्षार साचत जातो.

फिल्टर बसवताना आमचं पहिल्यांदा चुकलं. ठिबकचा एक इंची जाळीचा फिल्टर घरात पडून होता, तो आम्ही टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर लावला. शॉवर एकदम मुळमुळीत झाला, पाणी डोक्यावर पडायच्या ऐवजी भिंतीला धरून ओघळायला लागलं. टाकी शॉवरच्या वर दहा फूट असेल तर दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो, ठिबक चालतं साधारण १ किलोवर. जाळी थोडी जरी भरली तरी एवढ्या कमी दाबाला ती पार करणं जड जातं. मग फिल्टर तिथून काढून मोटरकडून टाकीत चढणाऱ्या पाईपवर लावला. तिथे मोटरचा जोर असतो, जाळीचं काही वाटत नाही, आणि वाळू टाकीत पोचायच्या आधीच अडते. जाळी १२० मेशची आहे, म्हणजे एका इंचात १२० भोकं. चकत्यांचा फिल्टर, डिस्क फिल्टर म्हणतात तो, घरासाठी घेऊ नका, धुवायला कटकट आहे.

जाळीतून सुटणारा अगदी पिठासारखा गाळ टाकीत जातोच. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. टाकीतून खालच्या लाइनला जाणारं तोंड तळापासून दोन-तीन इंचांवर असतं, त्याला आतून एल्बो (काटकोनात वळणारा जोड) आणि पाईपचा सहा इंच लांबीचा उभा तुकडा लावला. आता पाणी गाळाच्या बरंच वरून उचललं जातं. शेवटचं आठ-नऊ इंच पाणी टाकीत राहून जातं, ते चालतं. आणि महिन्यातून एकदा टाकी उतरू देऊन, वरचा व्हॉल्व्ह बंद करून, तळाचं पाणी खराट्यानं ढवळून बुडाच्या प्लगमधून सोडून द्यायचं. हे काम थोरल्या मुलाचं. मोटर चालू असताना शॉवर वापरायचा नाही, हाही नियम केला. तो फारसा पाळला जात नाही.

आता शॉवरच्या तोंडाचा क्षार. भोकं बुजली की काही भोकांतून पाणी आडवं उडतं, कुणाच्या कानात, कुणाच्या टॉवेलवर. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी घालून ती शॉवरला रबरबँडनं बांधा, तासाभरानं ब्रश मारा. आमच्याकडे महिन्यातून एकदा करावं लागतं. घरात चिंच असेल तर तिचा कोळही चालतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र वापरू नका, वरचा चकचकीत मुलामा उडतो आणि खालचं पितळ हिरवं पडतं. ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमची खिडकी हातभर असते.

दांडीच्या आट्यांतून गळत असेल तर काम सोपं आहे. दांडी उलटी फिरवून काढा, जुनी टेप आणि सुताचा भुगा दाभणानं खरवडा, नवी टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची, म्हणजे बसवताना ती सुटत नाही, आणखी घट्ट होते. बाजारातली टेप पातळ असते, आठ-दहा वेढे लागतात. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून हे गळणं थांबत नाही, काही दिवस फक्त दिसत नाही.

भिंत ओली राहते त्याबद्दल. धाकट्या जाऊबाईंचं घर आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्याकडे दर वर्षी पावसाळा लागला की शॉवरमागची भिंत ओली व्हायची, शेजारच्या खोलीत चुना फुगून पडायचा. मिस्त्री दर वर्षी येऊन दांडीला टेप मारून जायचा. मी त्यांना सांगितलं, दांडी काढा आणि तिथे अर्धा इंची डमी प्लग लावा, बांधकामाच्या वेळी लावतात तो. कॉक उघडून ठेवा आणि दोन दिवस आंघोळ दुसरीकडे करा. भिंत ओली होतच राहिली, म्हणजे गळती दांडीत नव्हती, भिंतीतल्या पाईपात होती. कॉक बंद केल्यावर ओल थांबली तर कॉक ते दांडी एवढाच तुकडा संशयात राहतो, त्यांच्याकडे तेच झालं. उलट नुसतं बादलीनं फरशीवर पाणी ओतल्यावर ओल येत असती, तर पाईप सोडून टाइल्सच्या फटी आणि मोरीचा सांधा बघावा लागला असता.

टाइल फोडली तेव्हा सांध्यातून एल्बो सुटलेला, आणि त्याच रेषेत भिंतीला वरून खालपर्यंत केसाएवढा तडा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात तीच माती फुगते. पाया उथळ असेल तर भिंत दर वर्षी थोडी हलते, आणि भिंतीत गाडलेल्या पाईपाला तिच्यासोबत हलता येत नाही. एल्बो बदलून पुन्हा गाडला असता तर पुढच्या जूनमध्ये हेच झालं असतं. म्हणून त्यांनी तो तुकडा आतला आत बंद करून टाकला आणि नवा पाईप भिंतीच्या बाहेरून क्लॅम्प मारून नेला. दिसायला बरा दिसत नाही. जाऊबाईंनी त्यावर प्लास्टिकची वेल लावलीय, ती आणखीच वाईट दिसते.

ओल्या भिंतीवर गिझरचं बटण किंवा वायर असेल, किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आमचा धुऊन बसवलेला स्पिंडल दिवाळीनंतर बसवला होता, त्याला हा उन्हाळा पूर्ण निघाला. मध्ये मे महिन्यात एकदा थेंब वाटले म्हणून गंज ठेवला, सकाळी वाटीभर निघालं. उघडला, रिंग पुसली, परत लावला, वीस मिनिटांत. स्क्रू फडक्यावरच पडला.

फिल्टरची जाळी हे आता शेतातल्या जाळीसोबतच दर रविवारी धुतात. घरच्या जाळीतून उन्हाळ्यात मूठभर वाळू निघते, बारीक, राखाडी. सासूबाई ती जुन्या वाटीत जमा करतात. चिंच आणि ती वाळू लावून त्यांनी परवा तांब्याचा गुंड घासला, आणि मला बोलावून दाखवला. "पाय, कसा निघाला."